मोबाइलवरचा कौल

राजानंद शाळेत तास संपवून स्टाफरूममध्ये येऊन बसला आणि बसल्या जागी गेला. संध्या, त्याची बायको, तेव्हा जालन्यात बियाण्याच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडून कोणतं बी उगवलं, कोणतं नाही, हे बघायचं तिचं काम. फोन आला. तिनं हातातली गुंडाळी पुरती तपासली, हात धुतले आणि मग साहेबांना सांगितलं.

ती रडली नाही. भंतेजींनी घरी येऊन पुण्यानुमोदन केलं, त्या दिवशीही नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडेल हळूहळू. वर्ष उलटलं. ती भाकरी करायची, कामावर जायची, सासू-सासऱ्यांच्या गोळ्या आणायची. चहात साखर पडलीय की नाही, हेसुद्धा दुसऱ्यानं सांगितल्यावर तिला कळायचं.

ॲप तिच्या मोबाइलमध्ये घातलं साधनानं, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं. चीनमधली कौल लावायची फार जुनी रीत. मनात प्रश्न धरून पडद्यावर बोट टेकवायचं. तीन नाणी पडतात, एक रेघ उमटते. असं सहा वेळा. सहा रेघांची आकृती झाली की खाली तिचा अर्थ येतो, आणि त्याखाली एक रिकामी चौकट : ‘तुमच्या मनात काय आलं?’

संध्यानं प्रश्न न धरताच बोट टेकवलं. आकृती आली, तिचं नाव डोंगरावर डोंगर. मशीनच्या मराठीत अर्थ होता, माणूस इतका स्थिर की त्याला स्वतःचं अंग जाणवत नाही.

“बराबर हाये,” ती म्हणाली.

“काय बराबर?”

“हेच. अंग जाणवत न्हाई.”

साधनानं हातातला घास डब्यात ठेवला.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत संध्या रोज कौल लावू लागली. चौकट मात्र रिकामीच राहायची.

पुढं जाफराबादहून एक स्थळ आलं. शिक्षक, बायको वारलेली. स्थळ आणलं ते सासऱ्यांनीच. रामकिसन स्वतः निवृत्त मास्तर. सून जन्मभर अशीच राहावी हे त्यांना पटत नव्हतं. सासू बेबीनंदा म्हणाल्या, “आमच्या मागं तुला कोन हाये?”

“विचार करते, आत्या,” संध्या म्हणाली, आणि तो विचार तिनं ॲपवर सोपवला. कधी उत्तर आलं पुढं जा, कधी थांब. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. एका रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालून तिनं परत तेच विचारलं, तर डोंगराखालचा झरा आला. पहिल्यांदा विचारलंस तेव्हा सांगितलं, असा काहीसा अर्थ होता. तेच ते विचारणाऱ्याला सांगणं नाही.

रामकिसन तिच्यामागं येऊन उभे होते.

“हे काय करून राह्यली? आपल्यात चालतं का असलं?”

“भविष्य न्हाई पाहत, मामा. नुसतं विचारते.”

“मंग काय म्हणतंय ते?”

“आता विचारू नको म्हणतंय.”

ते पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. “आणि तू काय म्हणती?”

“मला काहीच वाटत न्हाई. हो म्हणावं वाटत न्हाई, न्हाई म्हणावं वाटत न्हाई. राजानंद गेले तेव्हाबी काही वाटलं न्हाई.” एवढं ती कुणाशी बोलली नव्हती.

रामकिसननी हात पुढं केला. “दे इकडं.”

त्यांनी जाड बोटानं नाणी पाडली. आकृती आली, तिचा अर्थ त्यांनी वाचलाच नाही. सरळ चौकटीत गेले आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं : ‘राजूला पोहायला मी शिकवलं.’

“मलाबी रडू आलं न्हाई पोरी,” ते म्हणाले. “लोकांपुढं डोळे पुसले नुसते.”

खाली जाऊन त्यांनी जाफराबादला फोन लावला. “तिला अजून वेळ लागंल. तुम्ही खोळंबू नका.” बेबीनंदा रुसल्या, दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. पुढं त्या शिक्षकाचं लग्न दुसरीकडं झालं. मेथी निवडताना संध्यानं ते ऐकलं आणि निवडत राहिली.

अजून रविवारी दोघं गच्चीवर बसतात. नाणी पाडतात, अर्थ बाजूला ठेवतात, आणि रामकिसन राजूबद्दल काहीतरी सांगतात. विहिरीत उडी मारायला तो कसा भ्यायचा, असलं. संध्याला रडू येत नाही. ते मध्येच थांबले की ती मात्र विचारते, “मंग?”