दोनदा दाबलेलं बटण

त्या जानेवारीत आई सोलापूरहून आमच्याकडे वेस्ट विंडसरला आली होती. नवरा ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर टेक्ससला गेलेला, मुलगी सातवीत, आणि मी घरूनच काम करत होते. गुरुवारी सकाळी मुलगी शाळेला गेल्यावर आई शाल गुंडाळून माझ्या टेबलाशी आली.

"अगं, त्या जाळीतून गार हवा येतेय."

मी बेसमेंटमध्ये उतरले. घर घेऊन सहा वर्षं झाली होती, पण जाळ्यांतून घरभर गरम हवा सोडणाऱ्या फर्नेसकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. पत्र्याच्या दारावर नाण्याएवढी काच होती, तिच्याआड एक दिवा लुकलुकत होता. चारदा, मग थोडा थांबून पुन्हा चारदा. मी दार काढलं, तसा दिवा विझला. दाराच्या आतल्या बाजूला तक्ता चिकटवलेला होता: दिवा किती वेळा लुकलुकला तर काय बिघडलंय. चारच्या पुढे लिहिलं होतं की ज्योत जागा सोडून बाहेर आल्यामुळे सुरक्षेच्या स्विचने गॅस तोडलाय.

फोनवर एक व्हिडिओ सापडला. त्यातल्या माणसाने बर्नरजवळच्या स्विचवरचं छोटं बटण दाबून दाखवलं. मीही दाबलं. टक्क. दार परत बसवलं, पंखा घुमला, निळी ज्योत लागली. मी हात झटकत वर आले आणि नवऱ्याला मेसेज टाकला, फर्नेस मी दुरुस्त केली म्हणून. त्याचा लगेच अंगठा आला.

दुपारी बाराच्या सुमाराला घर पुन्हा गप्प झालं. खाली गेले तर पुन्हा चारदा. या वेळी तक्त्याखालची बारीक ओळ वाचली: कारण शोधल्याशिवाय हा स्विच रिसेट करू नका. वाचली, आणि तरी दाबलं. दहा मिनिटांत मीटिंग होती, आई गारठली होती, फोनवर विचारलं तर दुरुस्तीवाले शनिवारशिवाय येणार नव्हते. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. एरर आली की नुसतं रिस्टार्ट करू नका, आधी कारण शोधा, असं मी टीमला रोज ओरडून सांगते.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते आठवत नाही. माझं सगळं लक्ष जाळीतून येणाऱ्या हवेच्या आवाजाकडे होतं. दर पंधरा मिनिटांनी खाली जाऊन ज्योत बघत होते. आई जेवली नाही.

"डोकं जड झालंय जरा. थंडीनं असेल," म्हणाली आणि आडवी झाली. मी तिला आल्याचा चहा दिला. माझंही कपाळ ठणकत होतं, ते मी स्क्रीनच्या खात्यावर टाकलं.

तीनला मुलगी शाळेतून आली, सोफ्यावर पसरली, आणि तासाभराने म्हणाली, "ममा, आय फील काइंड ऑफ डिझी."

एका घरात तिघींची डोकी. पॅसेजमध्ये धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूचा असा जोड अलार्म होता. प्रत्येक फोडणीला तो कोकलायचा, म्हणून दिवाळीत मीच तो उतरवून ड्रॉवरमध्ये टाकला होता.

"उठा! दोघी बाहेर चला, आत्ताच्या आत्ता!"

"अगं, पण झालं काय? माझा चष्मा—"

"आई, चष्मा राहू दे. चल!"

आईच्या खांद्यावर कोट टाकून तिला ओढतच अंगणात आणलं. बर्फात उभी राहून ९११ लावला. पत्ता आणि तिघींना काय होतंय ते सांगितलं. बंब आला. एक अधिकारी हातात मीटर घेऊन आत गेला आणि लगेच परत येऊन त्याने मास्क चढवला. खिडक्या उघडल्या, गॅस तोडला, फर्नेसला वापरबंदीची लाल चिठ्ठी बांधली. अँब्युलन्समध्ये आईच्या तोंडावर ऑक्सिजन लावत होते, तेव्हा त्याच अधिकाऱ्याने मला विचारलं, फर्नेस बंद पडल्यावर कोणी पुन्हा सुरू केली होती का?

"मी," म्हटलं. "दोनदा."

त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

हॉस्पिटलमध्ये तिघींचं रक्त तपासलं, काही तास ऑक्सिजन दिला आणि रात्री घरी सोडलं. घरी म्हणजे मैत्रिणीकडे. नवरा मिळेल त्या विमानाने परतला. प्रकार कळल्यावर शनिवारची वाट न बघता शुक्रवारीच आलेल्या मेकॅनिकने आम्हाला फर्नेसच्या पोटातली फट दाखवली. ज्या धातूच्या पेटीत ज्योत जळते आणि जिच्यामुळे ज्योतीचा धूर घरच्या हवेत मिसळत नाही, ती पेटीच तडकली होती. "स्विच चांगला आहे," तो म्हणाला. "तो त्याचं काम करत होता."

नवी फर्नेस बसेपर्यंत चार दिवस आम्ही मैत्रिणीच्या घरी होतो. शनिवारी सकाळी आई तिथल्या ओट्याशी मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसले, उठले, पुन्हा बसले.

"आई, ती बंद पडली होती ना, ते बटण मीच दाबलं. करू नका असं लिहिलेलं वाचून दाबलं."

तिने हातातली काडी संपवली. मग म्हणाली, "माझं डोकं अकरापासूनच दुखत होतं. तू कामात होतीस, म्हणून बोलले नाही."

मला रडू आलं, तशी तिने मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

"तुझ्या मावशीला मात्र यातलं काही कळवू नकोस. ती मला पुढच्या विमानात बसवायला लावेल."

मी हसले, पण चार काड्यांच्या वर निवडणं जमलं नाही. कोट चढवून बाहेर पडले आणि मैत्रिणीच्या गल्लीत थंडीने बोटं बधिर होईपर्यंत फेऱ्या मारत राहिले.