मतदानाच्या दिवशी माहूर

दारू सोडून मला चार वर्षं होत आली. कशी सोडली, असं कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगतो : हात थरथरायला लागले म्हणून. विष्णुपुरीच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. एका सकाळी कॅन्टीनमध्ये चहाचा ग्लास एका हातानं उचलेना. दोन्ही हातांनी धरला, तर निम्मा टेबलावर सांडला. समोरचे सहकारी मान खाली घालून पोहे खात राहिले. त्याच आठवड्यात मी सरकारी दवाखान्याची पायरी चढलो. यात निश्चय कमी आणि भीती जास्त होती.

सोडल्यावर काय होतं, ते मात्र आधी कुणी सांगत नाही. संध्याकाळ हातात उरते. सहाला खोलीवर येतो, कुकर लावतो, शिट्ट्या मोजतो, जेवतो, भांडी घासतो, आणि तरी साडेसातच वाजलेले असतात. जुने मित्र फोन करत नाहीत. केलाच तर म्हणतात, "तू काय बाबा, आता महाराज झालास." लग्नाकार्यात मला म्हाताऱ्यांच्या पंगतीला बसवतात. बायको औशाजवळच्या आमच्या गावी शेत आणि माझ्या मायला सांभाळते. शनिवारी लातूरला गाडी बदलून मी तिकडं जातो. ती चहा देते, बरं-वाईट विचारते. अनेक वर्षं पिणाऱ्या माणसाबरोबर राहिलेली बाई जेवढं बोलते, तेवढंच बोलते.

पण जे लिहायचं ते दारू सोडण्याआधीचं आहे.

आठ वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या बायांनी देशी दारूचं दुकान बंद करायचं मनावर घेतलं. दुकान सरकारी परवान्याचं होतं, त्यामुळं नुसतं कुलूप ठोकून भागत नव्हतं. बायांचं मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली असते आणि एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. मात्र गावातल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. जी बाई मतदानाला आलीच नाही, ती आपोआप दुकानाच्या बाजूची होते. हा हिशेब दुकानदाराला पक्का ठाऊक होता.

सह्या गोळा करण्यात माझी बायको पुढं होती आणि तिच्याबरोबर आमच्या शेजारची वहिनी. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या होत्या. दळण, खुरपणी, बाळंतपणं, सगळं एकमेकींच्या सोबतीनं. शेजारचा दादाही माझ्यासारखाच त्या दुकानाचा गिऱ्हाईक. वहिनी सही मागताना बायांना म्हणायची, "नवरा सुधारायची वाट बघत बसशील तर म्हातारी हुशील. दुकानच सुधरू."

दुकानदार माझ्या वर्गातला. मतदानाची तारीख लागल्यावर एका शनिवारी त्यानं मला आत बोलावलं.

"तुझ्या गल्लीतल्या बाया लई कडक हायत बाबा. त्यांना माहूरला घेऊन जा. गाडी माझी."

"मतदान सोडून बाया येतेत व्हय?"

"तारीख पुढं गेली म्हनायचं. तुझं ऐकतेत. तू शिकलेला हाईस."

तेव्हा मी शुद्धीत होतो. हे लिहायलाच हवं, कारण पुढं मी स्वतःला कितीदा तरी उलटं सांगून पाहिलं. माझा निम्मा ग्लासही झाला नव्हता.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, तहसीलमधला एक ओळखीचा भेटला, मतदान पुढं ढकललंय. मग म्हणालो, मायचा माहूरचा नवस राहिलाय, तेवढ्यात जाऊन येऊ, गाडीत जागा आहे, गल्लीतल्या कुणी येत असल्या तर विचार. तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. लग्नानंतर मी तिला कुठं नेलं नव्हतं. मग ती घरोघर गेली. वहिनी तयार नव्हती. तिला हिनंच गळ घातली.

पहाटे दुकानदाराची काळीपिवळी जीप निघाली. माझ्या मायसकट नऊ बाया होत्या. मी ड्रायव्हरशेजारी. मागून वहिनी म्हणाली, "भावजी आज बायकोला देवाला न्यायलेत. सूर्य कोनीकडून उगवला बगा गं!" सगळ्या हसल्या. माझी बायकोही तोंडाला पदर लावून हसली. वाटेत विष्णुपुरीला मी त्यांना धरण दाखवलं, बायकोला वर नेऊन माझी खोली दाखवली. बायकोनं ती खोली पहिल्यांदाच पाहिली. बाकीच्या बाया खाली गाडीत खोळंबल्या होत्या, आणि ही केरसुणी शोधून झाडत बसली. म्हणाली, "एवढी बारकी हाय व्हय." ती इतकी खुशीत होती, की मला एकदा वाटलं, गाडी इथूनच परत फिरवावी. फिरवली नाही.

रात्री माहूरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दर्शन करून उतरताना पायऱ्यांवरच वहिनीचा मोबाइल वाजला. तिची जाऊ गावाहून विचारत होती, शाळेत मतदान चालू हाय, तुम्ही कुठं हाव?

वहिनीनं फोन खाली घेतला. माझ्याकडं नाही, माझ्या बायकोकडं पाहिलं.

"तू म्हनालीस, तारीख पुढं गेली."

मी काही बोलण्याआधीच बायको बोलली. "यांना तसंच कळलं हुतं. यांचं काय चुकलं? तहसीलवाल्यांनी घोळ केला."

"मी शपथेवर सांगतो," मी म्हणालो. देवीच्या पायरीवर उभा राहून म्हणालो.

आम्ही परत पोचेपर्यंत मतदान संपलं होतं. आडवी बाटली मोजक्या मतांनी हरली. गाडीतल्या बाया गावात असत्या तर हरली नसती. वहिनी चारचौघांत म्हणाली, हिच्या नवऱ्यानं मुद्दाम केलं. माझी बायको तिच्या दारात जाऊन माझ्या बाजूनं भांडली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. मधल्या भिंतीवरून वाटी येणं-जाणं थांबलं. मी त्याच आठवड्यातल्या शनिवारीही दुकानात गेलो होतो.

यंदा बायांनी पुन्हा सह्या केल्या. नव्या सरपंचबाई मला म्हणाल्या, "रविवारी शाळेतल्या सभेत तुम्ही बोला. सोडलेल्या माणसानं सांगितलं तर वजन पडतं. शाल-नारळ देऊ." बायकोनं माझा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. इतक्या वर्षांत तिनं माझ्यासाठी असं काही हौसेनं केलं नव्हतं.

रविवारी दुपारी ती ओसरीवर तूर निवडत होती. मी म्हणालो, "शेजारच्या वहिनी येणार का सभेला?"

"मी असले की ती येत न्हाई."

मग मी सांगितलं. दुकानदार, गाडी, तारीख, शपथ, सगळं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मंजी मी भांडले, ते खोट्यासाठी."

"माझ्यासाठी," मी म्हणालो. "चुकलो मी."

"तिकडं येऊ नका. शाल घ्यायला तर आजाबात येऊ नका."

ती उठली, पायात चप्पल घातली आणि शेजारच्या दारात गेली. मी ओसरीवरच होतो. आधी वहिनीचा चढलेला आवाज आला, मग हिचा, मग दोघींचा एकदम. मग वहिनी मोठ्यानं म्हणाली, "आठ वर्सं गं! तुझ्या हातची चटनी न्हाई खाल्ली." आणि एकीचं रडणं आलं. कुणाचं, ते मला ओळखता आलं नाही. थोड्या वेळानं दोघी बाहेर पडल्या आणि शाळेच्या दिशेनं गेल्या. ओसरीकडं कुणी पाहिलं नाही.

मी शर्ट घडी करून कपाटात ठेवला, मायला सांगितलं आणि लातूरची गाडी धरली.

मतदान कधी आहे, हे मला घरातून कुणी कळवलं नाही. परवा संध्याकाळी खोलीवरून फोन केला. बायकोनं उचलला. मागं पाच-सहा बायांचा गलका होता, आणि त्यात वहिनीचं हसणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"कामात हाव आमी," ती म्हणाली. "ठेवा आता."

मी ठेवला.