रंजनबेन आणि चार रिकामे चौकोन

रंजनबेन राणाला माउस धरायला मी शिकवलं. सुरतेत मी हे ज्याला त्याला सांगतो, कारण माझ्याकडे आता तेवढंच उरलंय.

बारा वर्षांपूर्वी ती आमच्या साड्यांच्या डिझाइन स्टुडिओत नमुन्यांच्या घड्या घालायला आली. बाप जरीकाम करायचा, टिकल्या लावून लावून हिची बोटं खरबरीत झालेली. दुपारी मी संगणकावर पदराची नक्षी काढायला बसलो की खुर्चीमागे येऊन उभी राहायची. "किरीटभाई, हे कसं केलंत?" मीही मोठ्या मनाने दाखवायचो. कुठून ती बुद्धी झाली मला! दोन वर्षांत ती डिझाइन करू लागली आणि पाच वर्षांत सगळे संगणक तिच्या ताब्यात गेले. कोर्सचं सर्टिफिकेट माझ्याकडे, तेही फ्रेम करून लावलेलं. पण प्रिंटर अडला की हाक तिलाच. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी सकाळी मुख्य संगणक बसला. अकरा वर्षांच्या बॉर्डरी, म्हणजे साड्यांच्या काठांची डिझाइनं, त्यात. त्यांची नक्कल रोज कपाटावरच्या हार्डडिस्कच्या सामाईक पेटीत जाते, सगळे संगणक तिला वायरने जोडलेले. बंद पडलेला संगणक पेटीतून उभा करायला रंजनने एक पेनड्राइव्ह आधीच तयार ठेवला होता. तो लावला, तर संगणक म्हणतो, पेटीतली जागा सापडत नाही.

मालक नटुशेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "पाच वाजता बॉर्डर लूमवर चढली पाहिजे. नाही जमलं तर उद्यापासून संगणकांचं खातं किरीटभाई बघतील."

मी मान खाली घालून चहा प्यायलो. हसू लपवायला बशी पुरेना.

रंजनने वायर काढून पुन्हा लावली. पेटीचा दिवा पाहिला. बाजूच्या संगणकावरून पेटी उघडली, ती झटकन उघडली. पासवर्ड दोनदा टाकला, तोही बरोबर. मग पेनड्राइव्हला पेटीतल्या फोल्डरांची यादी दाखवायला सांगितली. साडेअकरा वाजले होते. पडद्यावर नावाच्या जागी चार रिकामे चौकोन आले.

ते माझंच काम होतं. दिवाळीनंतरच्या लाभपाचमीला आम्ही पेटीला कुंकू लावलं, हार घातला, आणि हिशेबाची नवी वही सुरू करताना सव्वापट बरकतीसाठी पहिल्या पानावर लिहितात तसं मी हौसेने फोल्डरचं नाव गुजराती अक्षरांत 'श्री सवा' ठेवलं. बाकीचे संगणक ते वाचतात. पेनड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमला गुजराती येत नाही, एवढंच.

एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. खातं मला हवं होतं.

"किरीटभाई, तुम्हाला काही सुचतंय?" तिने विचारलं.

"मला काय कळतंय बाई! तू मोठी झालीस आता."

बारा वाजले, दोन वाजले. ती उगाच वायरी चाचपत राहिली, मधूनमधून माझ्याकडे बघत राहिली. डबाही उघडला नाही तिने. मी माझी सेव-खमणी चवीने संपवली. चार वाजता ती उठली, बाजूच्या संगणकावर बसली, फोल्डरचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत केलं आणि पेनड्राइव्ह पुन्हा चालवला. पेटी सापडली. पावणेपाचला अकरा वर्षांच्या बॉर्डरी पडद्यावर हजर.

"होतं काय एवढं?" शेठ म्हणाले.

"नाव गुजरातीत होतं शेठ, ह्याला वाचता येईना."

"ठेवलं कुणी तसं?"

मी भिंतीवरची सर्टिफिकेटाची फ्रेम सरळ करू लागलो.

"लाभपाचमीची पूजा आपल्या सगळ्यांचीच की, शेठ. कुणा एकाचं नाव कसं घेऊ?"

शेठ हसत बाहेर गेले. तिने डबा उघडला आणि एक थेपला माझ्यापुढे केला.

"चौकोन दिसले तेव्हाच मला कळलं होतं," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, तुमच्या तोंडून आलं तर शेठसमोर तुमचा मान राहील. ज्यांनी माउस धरायला शिकवलं त्यांची चूक कशी दाखवायची! चारपर्यंत वाट बघितली हो."

खातं तर गेलंच. पण तिच्यावर जळायची सोयही त्या बाईने माझ्याकडे ठेवली नाही. मी थेपला घेतला.