मनोरीत तीन दिवस, एका रेघेसाठी

"लता, तुझ्या बाबांची लेव्हलची नळी अजून आहे ना घरात? घेऊन ये. माझी वाट लागलीय."

शुक्रवारी संध्याकाळी फ्रान्सिसचा फोन आला आणि मी पिशवी भरली. फ्रान्सिस माझा कॉलेजपासूनचा मित्र, मनोरीचा. आखातात नोकरी करतो, महिन्याच्या सुट्टीवर आला होता. त्याच्या पापांची, म्हणजे वडिलांची, शिडाची होडी आठ वर्षं घरामागे झापांखाली पडून होती. ती त्याने दुरुस्तीला काढली, कुजलेल्या फळ्या बदलल्या, फटी भरल्या आणि उत्साहाच्या भरात जुना रंग लाकडापर्यंत खरवडून टाकला. रंगाबरोबर पाणरेघही गेली.

पाणरेघ म्हणजे होडी तरंगताना पाणी जिथवर येतं ती रेघ. तिच्याखाली कीड मारणारा रंग लावतात. रेघ चार बोटं खाली आखली गेली, तर तेवढं उघडं लाकूड पाण्यात राहतं आणि समुद्रातला किडा ते आतून पोखरून टाकतो. रंग काढण्याआधी रेघेवर चार खिळे ठोकून ठेवायचे असतात. हे त्याला नंतर कळलं.

वेळ थोडा होता. शनिवारी अमावास्या, त्यामुळे सोमवारपर्यंत मोठी भरती. मंगळवारी पहाटे फ्रान्सिसचं विमान. या भरतीत होडी उतरली नाही, तर वर्षभर कोरडी राहून तिच्या फळ्यांच्या फटी पुन्हा उघडणार. आणि पापा शहाऐंशी वर्षांचे. रविवारी त्यांना बसवून शीड लावायचं, हे फ्रान्सिसने सुट्टी मागतानाच ठरवलं होतं.

जाणाऱ्यांसाठी वाट सांगते. घाटकोपरहून मेट्रोने डी. एन. नगर, तिथे गाडी बदलून मालाड पश्चिम, मग मार्वेपर्यंत बस किंवा रिक्षा. धक्क्यावरून फेरीबोट पाच-सात मिनिटांत पलीकडे टाकते. तिकीट किरकोळ आहे, पण सुट्टे पैसे ठेवा. पावसाळ्यात धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, पायात चांगली पकड असलेलं काहीतरी घाला.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मनोरीला पोचले. होडी किनाऱ्यावर ओंडक्यांवर चढवलेली होती. शेजारी खारदांड्याहून आलेले धर्मा नाखवा बसले होते. आयुष्यभर होड्या बांधलेला माणूस. मी पिशवीतून नळी काढली. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीवर राहतं. माझे गवंडी वडील तिच्यावर भिंती उभ्या करत.

"साडेबाराला पूर भरती," नाखवा म्हणाले. "होरी पाण्यात घाला. पाणी दाखवील लाईन."

"दाखवेल कशाला? मोजूया ना," मी म्हणाले.

इथे माझा स्वभाव आड आला. तीस वर्षं मी सभांमधून एकच गोष्ट घसा फोडून सांगत आले आहे: अंदाजावर चालणारा समाज स्वतःला फसवतो. आजही माझं मत तेच आहे. जुनं सुकाणू फ्रान्सिसने खरवडलं नव्हतं, त्यावर रेघ शाबूत होती. मागचा बिंदू मिळाला. तळाचा कणा नळीने सरळ केला, की मागून पुढे एक आडवी रेघ, झालं!

"बाय, तू घर बांधतंस की होरी?" नाखवांनी विचारलं.

"पाणी दोघांना सारखंच असतं, नाखवा."

"पाणी सारखाच असतंय गो. होरी नसते."

मी ऐकलं नाही. उलट अर्धा तास बोलले. पाचरी ठोकून कणा सरळ करण्यात दीड तास गेला. खडूची देखणी रेघ उमटून ती खिळ्याने कोरून झाली तेव्हा भरती उतरायला लागली होती.

फ्रान्सिस रेघेकडे बघत राहिला. "दिसते झकास. पण बरोबर आहे का, ते आता उद्या कळणार ना?"

दुपारी त्याच्या बायकोने बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या.

रविवारी सव्वाएकला होडी तरंगली. डोलकाठी जागेवर, नांगर आणि साखळी पुढे, माणसांच्या जागी वाळूच्या गोण्या. सुकाणूपाशी एक गोणी ठेवायची राहिली होती.

"तिथं गोण कशाला? पापांना बसवा," नाखवा म्हणाले.

आम्ही पापांना उचलून त्यांच्या जुन्या जागी बसवलं. नाखवा छातीभर पाण्यात उभे होते. होडी उतरवण्याआधीच त्यांनी फळ्यांवर कोरड्या चुन्याचा रुंद पट्टा फासला होता. पाणी जिथवर आलं तिथवर चुना धुऊन गेला. त्यांनी पुढे दोन, मागे दोन खिळे ठोकले. मागचे खिळे माझ्या रेघेवर बरोबर बसले. पुढचे चार बोटं वर. पुढे झुकलेली डोलकाठी आणि नांगर नाक खाली दाबत होते, आणि माझ्या हिशेबात दोन्ही नव्हते.

"ह्या होरीचा नाक पहिल्यापासूनच खाली," पापा वरून म्हणाले.

"पापा, काल सांगायचं ना!"

"काल कोणी इचारला मना?"

शीड चढवायला वेळ नव्हता, सोमवारच्या भरतीआधी रेघ आखून रंगही वाळायला हवा होता. पाणी ओसरताना होडी किनाऱ्यावर जरा खाली बसवली, म्हणजे सोमवारचं थोडं कमी पाणीही पोचेल. आता नळी कामाला आली. चारही खिळे एका पातळीत येईपर्यंत पाचरी मारल्या आणि मग हातभर अंतरावर खुणा करत गेलो. "आता मोज किती मोजायचा तो," नाखवा म्हणाले. रंग ओल्या खुणेच्या दोन बोटं वर थांबवायचा, कारण लाटा असतात. संध्याकाळपर्यंत रंगवून वर ताडपत्री बांधली. रात्रीची भरती या दिवसांत लहान, तिथवर आली नाही.

सोमवारी दोनच्या आत होडी पाण्यात गेली. फ्रान्सिसने शीड चढवलं, नाखवा आणि मी सोबत. खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो, तासभर. पापा नव्हते. सोमवारी त्यांचं बोरिवलीला डायलिसिस असतं, ते चुकवता येत नाही.

घरी येऊन आठवडा झाला. मोजण्यावरचा माझा विश्वास तसूभर कमी झालेला नाही. पण काय मोजायचं हे ज्याला माहीत आहे, त्याला मी बोलू दिलं नाही. माझ्या भाषणाने एक भरती खाल्ली. फ्रान्सिसने ते एकदाही बोलून दाखवलं नाही. रेघ बरोबर आहे, होडी खाडीत नांगरलेली आहे, किड्याला लाकूड मिळणार नाही.

फक्त परतताना मी वाकून पाहिलं होतं. पुढे रंग पाण्याच्या दोन बोटं वर होता, ठरल्याप्रमाणे. सुकाणूपाशी होडी थोडी उचलली होती, तिथे तीन बोटं दिसत होता. पापा बसलेले असताना आखलेली रेघ आहे ती.