धूर आणि निशाणाची काठी

आमची आगाफ्या वहिनी म्हणजे डोक्याला ताप. अख्खा जन्म या खोऱ्यात गेला, रेनडिअर पाळण्यात आणि डास हाकलायला धूर करण्यात. पण दुसऱ्याचं ऐकणं बाईला ठाऊकच नाही. नकाशावाल्यांचं सामान आमच्या रेनडिअरवर, वाट दाखवायला मी, आणि वहिनी व त्यांचे साहेब या दोघांच्या कात्रीत सापडणाराही मीच!

त्या सकाळी एकदाचं धुकं हटलं. नकाशा काढणारे रोदिऑन साहेब कधीपासून या उघडिपीची वाट बघत होते. नदीपलीकडच्या शिखरावर त्यांनी लाल फडक्याची निशाणाची काठी रोवली होती. ती दुर्बिणीतून दिसली की खोऱ्याचं माप पुरं. आणि वहिनी काय करतेय? आगीवर ओलं शेवाळ टाकतेय! धुरानं सगळं खोरं भरलं.

"विझवा ते!" साहेब ओरडले. "माझा सगळा उन्हाळा वाया जाईल!"

"नवरा आला की विझवते," वहिनी म्हणाली.

मार्केलदादा पळालेले रेनडिअर शोधायला गेला होता. परवाच यायला हवा होता. शिदोरी एका दिवसाची, आणि वर बर्फ कधीही पडेल.

"अगं, जुन्या तळावर कलती काठी रोवलीय ना आपण?" मी म्हटलं. आम्ही एवेंकी लोक मुक्काम हलवला की गेलो त्या दिशेला काठी कलती ठेवतो. मागून येणारा तिच्यावरून येतो.

"मग का नाही आला? सांगा ना, भावजी!"

 साहेबांनी माझ्या हातात बादली दिली. वहिनी आगीपुढे उभी राहिली. "टाका. आधी माझ्यावर टाका." मी बादली खाली ठेवली.

दुपारी दादा लंगडत आला. रेनडिअर नव्हते, पण खांद्यावर लांब काठी होती, टोकाला लाल फडकं.

"कुणा गाढवानं शिखरावर ही कलती रोवली होती!" तो धापा टाकत म्हणाला. "तिच्यामागे भलत्याच दरीत उतरलो. धूर दिसला म्हणून वाचलो. येताना उपटूनच आणली, आणखी कुणी फसायला नको."

वाऱ्यानं कलली असणार मेली! साहेब मटकन खाली बसले. वहिनी दादाची बाही धरून हमसाहमशी रडली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मग तिनं डोळे पुसले, बादली उचलली आणि आगीवर ओतली.

"घ्या साहेब, विझवला धूर. बघा आता हवं तेवढं."