शिक्षा दी है

माझं हिंदी चांगलं आहे असा एके काळी माझा समज होता. लग्न झालं आणि वऱ्हाडातून थेट लखनौला आले. नवरा रेल्वेत गार्ड, महिन्यातले वीस दिवस गाडीवर. पुढे मलाही एका सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली. हिंदी म्हणजे काय, मराठीच्या शेपटाला 'है' बांधायचं, झालं! कचेरीतल्या हिंदी निबंध स्पर्धेत मला उत्तेजनार्थ स्टीलचा डबा मिळाला होता. तो मी आल्यागेल्याला दिसेल असा फळीवर ठेवला होता.

बोलताना अडलं तर मुलगा होता. आलमबागच्या बाजारात भाजीवाल्यापुढे शब्द सुचला नाही की मी त्याच्याकडे बघायची. मी 'शिळी' म्हटलं की तो 'बासी' म्हणायचा, मी 'भोपळा' म्हटलं की तो 'कद्दू'. सात वर्षांचा असल्यापासून त्याचं हे काम. घरी मी मराठीत बोलायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि आमचं झकास चालायचं.

त्याच वयात एकदा तो शाळेतून रडत आला. पोरं त्याला 'काय-काय' म्हणून चिडवायची, त्या दिवशी चिखलात लोळवलं होतं. मी कणीक मळत होते. हात न धुताच बोलले, "रडतोस काहून? मार खाऊन घरी यायचं नाही. त्याने एक दिली तर तू दोन दे." मी ती बाई, जी रविवारी सकाळी त्याला शेजारी बसवून पंचशील म्हणून घ्यायची, कुणाही जिवाला इजा करणार नाही असं त्याच्याकडून वदवून घ्यायची. तरी बोलले. बोलले आणि विसरले.

तो विसरला नव्हता, हे आठ वर्षांनी कळलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हिवाळ्यातल्या एका दुपारी शाळेचा चपराशी माझ्या कचेरीत आला. मुलाने वर्गातल्या एका पोराच्या कानामागे हॉकी स्टिक मारली होती. पोराला इस्पितळात नेलं होतं, कानातलं रक्त थांबत नव्हतं.

मी घरी आले तेव्हा मुलगा खाटेवर बसला होता. "उसने पहले मारा था," म्हणाला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पण पुन्हा पुन्हा खोदून विचारलं तेव्हा खरं निघालं. त्या पोराने काही मारलंबिरलं नव्हतं. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता.

"मग मारलं काहून त्याला?"

"गेंद नहीं दे रहा था."

मी लाटणं उचललं. मारू नये हे शिकवायला मारलं. हसायचं असेल त्याने हसावं. ती स्टिक कुऱ्हाडीने फोडून अंगीठीत घातली. शाळेखेरीज महिनाभर बाहेर पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं. नवरा गाडीवर होता, त्यामुळे बाप मीच आणि आईही मीच.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला आणि मुलाला बोलावलं. समोर त्या पोराची आई बसली होती, अंगावर तपकिरी शाल, हातात डॉक्टरची चिठ्ठी. डाव्या कानाने ऐकू येईल की नाही ते सांगता येत नाही, असं त्या चिठ्ठीत होतं. हेडमास्तर मुलाचं नाव कापायला निघाले होते. ते वर्ष बोर्डाच्या परीक्षेचं. नाव कापलं असतं तर त्याचं वर्ष गेलं असतं, आणि असल्या पोराला दुसऱ्या शाळेने दारात उभं केलं नसतं. माझ्या बापाने उपाशी राहून मला शिकवलं होतं. माझा मुलगा शाळेतून हाकलला जातो आहे, हे माझ्याच्याने बघवत नव्हतं.

हेडमास्तरांनी विचारलं, "आप लोग घर में इससे कुछ कहते भी हैं?"

मला झोंबलं. म्हटलं, "कहते क्यों नहीं? मैंने इसको शिक्षा दी है. अपने हाथ से दी है. पूरी शिक्षा दी है."

त्या बाईने हेडमास्तरांकडे बघितलं. "सुन लिया आपने? खुद कह रही हैं."

मराठीतली शिक्षा म्हणजे दंड, हिंदीतली शिक्षा म्हणजे शिकवण. मला काय हे ठाऊक नव्हतं? शिक्षा विभागाची पाटी रोज बसमधून दिसायची. पण राग आला, लाज वाटली आणि जीभ माहेरी गेली. हेडमास्तर म्हणाले, "यानी ये आपकी दी हुई शिक्षा है?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "नहीं नहीं, शिक्षा मतलब..." म्हणाले, आणि नेमका तो दोन अक्षरांचा शब्द आठवेना.

सवयीने मी मुलाकडे बघितलं.

त्याला सगळं कळलं होतं. त्या खोलीत दोन्ही भाषा धड येणारा तो एकटा. त्याने नुसतं 'सज़ा' म्हणायचं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "मम्मी ने ही कहा था, मार खाके घर मत आना."

कुणाचा मार खाल्ला होता रे त्याने? पण वाक्य माझंच होतं. आणि हेडमास्तरांचा चेहरा निवळला होता. "फिर बच्चे का क्या कसूर," असं ते स्वतःशीच म्हणाले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता नाव कापलं जाणार नाही. मला तो शब्द तेवढ्यात आठवला होता. मी तो गिळला. माफीनामा हेडमास्तरांनी सांगितला आणि मी लिहिला, 'मैंने अपने पुत्र को गलत शिक्षा दी.' शुद्धलेखनाची एक चूक नाही!

घरी जाताना रिक्षात मी विचारलं, "तुला माहीत होतं ना, मी काय म्हणत होते ते?"

"हाँ."

"मग?"

"नाम कट जाता मेरा."

पोराच्या हातून घडलेलं आईबापाच्या माथी येतं, यायलाच हवं, माझी त्याला ना नाही. माझा वाटा मी घेतला असता. पण त्याने स्वतःचाही वाटा माझ्या पदरात टाकला, आणि मी पदर पसरला. तेव्हापासून बाजारात शब्द अडला तरी मी त्याच्याकडे बघितलं नाही. बोटाने दाखवून भाजी घेतली.

पाच-सहा वर्षांनी मी निशातगंजमधल्या एका कापडाच्या दुकानात गेले होते. गल्ल्यामागच्या तरुणाला भाव विचारला तर त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला. त्याने मला ओळखलं नाही. मी कापड न घेताच बाहेर पडले.

मुलाचा साखरपुडा झाला तेव्हा आम्ही अलीगंजमध्ये राहत होतो. मुलगा बँकेत लागला होता. पाहुणे जेवून बसले होते आणि तो रंगात येऊन मम्मीच्या हिंदीचे किस्से सांगत होता. शेवटी 'शिक्षा दी है'चा सांगितला, माझी नक्कल करून, ठसक्यात. सगळे हसले. होणारी सूनही पदर तोंडाला लावून हसली. भांडण कशावरून, कुणाला लागलं, यातलं काही त्याने सांगितलं नाही.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. "त्याच्या कानाचंही सांग," म्हटलं.

त्याने हसतच माझ्याकडे बघितलं. बहाणा नव्हता तो. मी जन्म दिलेला चेहरा, मला कळतं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"कौन-सा कान?"

"डावा," मी म्हटलं.