कंदील न सोडता उतरलेली पोरं

माझी मुलगी सहावीत आहे. शाळेच्या कपाटातून ती एकाच जातीची पुस्तकं आणते. भिंतीमागं खोली, फडताळामागं जिना, जमिनीखालून वाट आणि त्यात शिरणारी चार पोरं. संध्याकाळी मी भाकरी थापते तेव्हा ती माझ्या धाकट्या जावेजवळ बाजेवर पडून वाचते. जाऊ बारावी शिकलेली. तीही मोठ्यानं वाचून दाखवते, दार करकरल्याचे आवाजसुद्धा काढते. दोघी खिदळतात. मला ते ऐकवत नाही. भाकरी मी जास्तच जोरात थापते.

एकदा मी विचारलं, "काय चाललंय त्यात?"

"तुला न्हाई कळायचं आई. मागचं सगळं सांगावं लागंल," मुलगी म्हणाली.

जाऊ हसली. तिच्या हसण्यात खोट नव्हती, पण हसली.

माझी शाळा चौथीला सुटली. अक्षरं येतात, पण ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात निसटते. तरी दुसऱ्या दिवसापासून, मुलगी शाळेत आणि जाऊ कापूस वेचायला गेली की मी उशीखालचं पुस्तक काढायची. बोट ठेवून वाचायची. मला गोष्ट नको होती. माझ्या पोरीला जावेकडं ओढून नेतं असं त्यात आहे तरी काय, ते बघायचं होतं. एके दिवशी धीर निघेना म्हणून मोरपिसाच्या खुणेपुढचं पान उघडलं. तिथं ती पोरं शंभर वर्षं बंद असलेल्या भुयाराचं झाकण उचलतात आणि लगेच खाली उतरतात.

त्या संध्याकाळी जाऊ वाचता वाचता नेमकी तिथं पोचली. "...आणि चौघंही आत उतरली."

"मेली असती," मी चुलीपासून म्हणाले.

दोघी थांबल्या.

"कंदील सोडला का आधी?"

"बाई, गोष्ट आहे ती," जाऊ म्हणाली.

"असू दे. बंद जागेतली हवा माणूस मारते."

मग सांगावंच लागलं. इतकं मी या घरात कधी बोलले नव्हते. माहेरी, वाटूरकडं, आमचं पेव होतं. ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं. ते उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं. मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. नीट जळत राहिला तर कमरेला दोर बांधून मला सोडायचे, कारण मीच सगळ्यांत बारीक. आत आंबूस वास, ऊब, गुडघ्यापर्यंत ज्वारी, आणि वर वडिलांचं तोंड भाकरीएवढं.

मुलगी बाजेवरून उठून चुलीजवळ आली. "तू खरंच उतरल्तीस?"

"दरवर्षी."

"मंग कधी सांगितलं न्हाई?"

"तू कधी विचारलंस?"

जाऊही पुढं सरकली. "बाई, कुठं आहे ते पेव? दिवाळीला आपण तिघी बघायला जाऊ." तिचं तोंड अगदी माझ्या मुलीसारखं झालं होतं. सांगायला काय हरकत होती? पण मी म्हणाले, "आता आठवत न्हाई. बुजवलं असंल."

मला सगळं आठवतं. रविवारी दुपारी वेणी घालताना मी मुलीच्या कानाशी सांगितलं. माहेरच्या गोठ्याच्या उंबऱ्यापासून नऊ पावलं, कडुलिंबाकडं तोंड करून. फरशी आहे, तिच्यावर माती. ती बोटांवर पावलं मोजत राहिली.

बाहेरून जावेनं हाक मारली, "अगं ये ना, पुढचं वाचायचंय!"

मुलगी उठायला लागली. मी वेणी हातात घट्ट धरून ठेवली. अजून अर्धीच घालून झाली होती.